जमशेद भाभा आणि एनसीपीए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला, जिथे कठडा संपत येतो आणि समोर नुसता समुद्र उरतो, तिथे एनसीपीए उभं आहे. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स हे पूर्ण नाव सहसा कुणी घेत नाही. मी तिथे बरीच वर्षं गाणं ऐकायला आणि नाटकं बघायला जातो. बरोबर बहुतेक वेळा कुणीतरी पहिल्यांदाच आलेलं असतं, आणि मध्यंतरात चहा घेताना ठरावीक प्रश्न येतात. हे कुणी बांधलं? भाभा म्हणजे ते अणुवाले ना? हे टाटांचं की सरकारचं? एकदा सगळं नीट लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

जमशेद भाभा म्हणजे अणुशास्त्रज्ञ भाभाच का?

नाही. अणुऊर्जेचे ते होमी जहांगीर भाभा. एनसीपीए उभं करणारे जमशेद हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, जमशेद यांचा २१ ऑगस्ट १९१४चा. होमी २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. जमशेद यांना दीर्घ आयुष्य लाभलं. ३० मे २००७ रोजी ते गेले तेव्हा त्यांना त्र्याण्णवावं वर्ष चालू होतं.

थोरल्या भावाचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, धाकट्याचं एका थिएटरवर. त्या थिएटरात शिरणाऱ्यांपैकीही अनेकांना वाटतं की ते होमींच्याच नावाचं आहे. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण मुंबईत गाणं ऐकणाऱ्यांवर धाकट्या भावाचे उपकार जास्त थेट आहेत.

घरचं वातावरण कसं होतं?

पैसा होताच, पण पैशासोबत रसिकता होती. वडील जहांगीर भाभा वकील. आई मेहेरबाई या गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांच्या नात. वडिलांच्या बहिणीचं नावही मेहेरबाईच. या आत्या सर दोराबजी टाटांना दिलेल्या, म्हणजे जमशेटजी टाटांच्या थोरल्या सूनबाई. हे आत्याचं नातं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरात ग्रामोफोन होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डींचा मोठा साठा होता. त्यात मावशीने जमवलेल्या रेकॉर्डीही होत्या. दोन्ही भाऊ त्या ऐकत वाढले. होमी तर चित्रंही उत्तम काढायचे. दोराबजींकडे चित्रं आणि कलावस्तूंचा संग्रह होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो म्युझियमला गेला आणि आज छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कुणालाही तिकीट काढून पाहता येतो. आपल्या घरातली सुंदर वस्तू शेवटी सगळ्यांची होते, हे या मुलाने घरच्याच माणसांत पाहिलं होतं.

टाटांमध्ये ते नक्की काय करत होते?

टाटा सन्सचे ते संचालक होते आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टचे विश्वस्त. फोर्टातल्या बॉम्बे हाउसमध्ये, म्हणजे टाटांच्या मुख्य कचेरीत, त्यांची अनेक दशकं गेली. पोलाद, वीज, मोटारी म्हटल्यावर टाटांमधली जी नावं पुढे येतात, त्यांत त्यांचं नाव नाही.

म्हणूनच मला ते वेगळे वाटतात. कलेची आवड असणारे साहेब पुष्कळ असतात. कुणी चित्रं विकत घेतं, कुणी घरी बैठक ठेवतं, कुणी एखाद्या महोत्सवाला पैसे देतं. जमशेद भाभांनी कलेसाठी आपलं कचेरीतलं कसब वापरलं. ट्रस्टच्या बैठकीत विषय मांडायचा, नाही म्हटलं तर पुढच्या बैठकीत पुन्हा मांडायचा. मंत्रालयात फाइल कुठे अडली याचा माग ठेवायचा. परदेशी तज्ज्ञांशी पत्रव्यवहार करायचा. ठेकेदार, परवानग्या, आयातीचे परवाने, देणगीदार हे सगळं एका हातात धरायचं. गवयाला रियाजाशिवाय गाणं येत नाही, तसंच असली संस्था या रोजच्या खटपटीशिवाय उभी राहत नाही.

एनसीपीएची कल्पना कुठून आली?

त्यासाठी आधी दोराबजींच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, ट्रस्टकडे बघावं लागतं. १९३२ साली स्थापन झालेल्या या ट्रस्टने देशात आधी नसलेल्या संस्था काढायच्या, असा रिवाजच पाडला. १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था, म्हणजे आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, टिस. १९४१ साली परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी. त्यासाठी होमी भाभांनी मार्च १९४४मध्ये ट्रस्टला जे पत्र लिहिलं, ते भारतीय विज्ञानाच्या इतिहासातलं एक मोठं पत्र मानलं जातं.

वीसेक वर्षांनी धाकट्या भावाने त्याच ट्रस्टपुढे कलेचा प्रश्न ठेवला. गुरूंच्या गळ्यात असलेल्या चिजा, नाचातल्या परंपरा, गावोगावची गाणी ही माणसांबरोबर नाहीशी होत होती. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला होता. आकाशवाणी होती, सरकारी अकादम्या होत्या, पण एकाच छताखाली शिकवणं, ध्वनिमुद्रण, अभ्यास आणि प्रयोग होतील अशी जागा नव्हती.

त्या काळात हे मागणं सोपं नव्हतं. १९६२चं युद्ध झालेलं, १९६५चं झालेलं, मग दुष्काळ, आणि जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन. परकीय चलनाचा प्रत्येक डॉलर मोजून मिळायचा. अशा वेळी नाट्यगृहासाठी पैसा मागणाऱ्याला ‘आधी अन्नधान्याचं बघा’ असं कुणी म्हटलं तर त्याला चूक म्हणता येत नाही. भाभांनी तरीही मागितलं.

समुद्रात बांधलंय म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. नरिमन पॉइंटच्या ज्या जागेवर आज एनसीपीए आहे, तिथे तेव्हा पाणी होतं. बॅकबेचा भराव पुढे सरकत होता. त्यातली सुमारे ८ एकर जागा राज्य सरकारकडून संस्थेला मिळाली, ती भर घालून तयार झालेली. अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीवर नाट्यगृहाचा आराखडा करायचा, याला धीर लागतो.

म्हणून संस्थेची सुरुवात तिथे झालीच नाही. डिसेंबर १९६९मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं ते भुलाभाई देसाई रोडवरच्या ‘आकाशगंगा’ इमारतीत. तिथे तालीम, ध्वनिमुद्रण, छोटे कार्यक्रम असं काम चालू झालं. भाभांचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. इमारत होईपर्यंत थांबले असते तर मधल्या वर्षांत काही थोर गळे कायमचे गेले असते, त्यांचं काही न राखता. आज एनसीपीएच्या संग्रहात जे ध्वनिमुद्रण आहे, त्याची मुळं त्या भाड्याच्या जागेत आहेत. संस्थेचं इंग्रजी त्रैमासिकही नरिमन पॉइंटच्या इमारतींच्या आधीपासूनचं, १९७२चं आहे. त्याचे जुने अंक अजूनही संगीताचे अभ्यासक शोधत असतात.

मग हे टाटांचं की सरकारचं?

दोन्ही नाही. जमीन सरकारकडून, सुरुवातीचा मोठा पैसा दोराबजी टाटा ट्रस्टचा, पाठबळ जेआरडींचं, आणि पुढे अनेक उद्योगघराण्यांच्या देणग्या. थिएटरांची आणि दालनांची नावं वाचलीत की देणाऱ्यांची यादी आपोआप कळते. संस्था स्वतंत्र ट्रस्टची आहे. जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा ही दोन नावं संस्थापक म्हणून बरोबरीने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. जेआरडींच्या शब्दाला जे वजन होतं ते दुसऱ्या कुणाच्या नव्हतं. पण रोजचा पाठपुरावा भाभांचा होता.

टाटा थिएटरची एवढी ख्याती का?

या प्रश्नाचं उत्तर लांबलं तर रागावू नका.

आपल्याकडची सभागृहं बहुतेक एका साच्याची. लांबट खोली, एका टोकाला उंच रंगमंच, समोर रांगा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला कलाकार अंगठ्याएवढा दिसतो आणि आवाज येतो तो स्पीकरमधून. पण आपलं गाणं जन्मलं ते बैठकीत. गवई गादीवर, श्रोते तीन बाजूंनी, हाताच्या अंतरावर. गिरगावच्या लक्ष्मीबागेत ऐकलेली जुनी माणसं सांगायची, की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की गवई आधी समोरच्या जाणकाराच्या डोळ्यांत बघायचा. दाद ही त्या गाण्याचाच भाग होती. हजार माणसांच्या सभागृहात हे कसं टिकवायचं?

भाभांनी त्यासाठी अमेरिकेतली दोन माणसं गाठली. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ज्यांना पुढे १९७९ साली पहिलंवहिलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, आणि ध्वनितज्ज्ञ सायरिल हॅरिस. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस आणि वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर यांच्या ध्वनिरचना हॅरिस यांच्या. न्यूयॉर्कचं एव्हरी फिशर हॉल १९७६ साली आतून पाडून नव्याने केलं, तेही या दोघांनी मिळून. त्या वेळी जगात या कामासाठी याहून मोठी नावं क्वचितच असतील.

जे उभं राहिलं ते असं: १,०१० आसनं, पण लांबट रांगांऐवजी पंख्यासारखी पसरलेली, रंगमंचाला वळसा घालून. त्यामुळे शेवटचा माणूसही फार दूर जात नाही. हॅरिस यांचा भर लाकूड आणि प्लास्टरवर असे. मोठे सपाट पृष्ठभाग ते टाळत, कारण सपाट भिंत आवाज एकाच दिशेला परत फेकते आणि कुठे घुमतो, कुठे पोचतच नाही. पृष्ठभाग मोडलेला, कोनाकोनांचा असला की आवाज विखुरतो आणि सगळीकडे सारखा जातो.

त्यात आणखी एक पेच होता. मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेल्या सभागृहात आवाज दोनेक सेकंद रेंगाळलेला चांगला वाटतो. नाटकातल्या संवादाला तेवढा रेंगाळला तर शब्दांची खिचडी होते. आपल्या गाण्याचं काय? आलापाला थोडी आस, म्हणजे सुराचं मागे रेंगाळणं, हवी, पण द्रुत तान आणि तबल्याचा प्रत्येक बोल सुटा यायला हवा. हा तोल विटा-लाकडात साधायचा होता, माइकवर न विसंबता. सायरिल हॅरिस यांच्या आयुष्यभराच्या कामात हा प्रश्न बहुधा इथेच असा समोर आला असेल.

ऑक्टोबर १९८०मध्ये टाटा थिएटर उघडलं. उद्घाटनाला पुन्हा इंदिरा गांधीच. ‘आकाशगंगा’पासून तिथवर यायला जवळजवळ अकरा वर्षं लागली. मधे १९७५ साली ११४ आसनांचं लिटल थिएटर सुरू झालं होतं.

माइकशिवाय खरंच ऐकू येतं?

येतं. मी स्वतः अनुभवलंय. मागच्या बाजूच्या रांगेत बसलो होतो. पडदा उघडलेला, दिवे अजून पूर्ण मंदावलेले नव्हते, लोक जागा शोधत होते. मंचावर दोन तानपुरे लावणं चाललं होतं. मागे बसलेल्या शिष्येने तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा जवारीचा दोरा बोटाने किंचित सरकवला, आणि तारेचा आवाज बंद कळीसारखा होता तो एकदम उघडला. तो उघडल्याचा क्षण मला तिथे, एवढ्या लांब, स्पष्ट ऐकू आला. शेजारचे गृहस्थ बोलता बोलता थांबले. मग तबलजींनी हातोडीने गठ्ठे ठोकले, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट टेकवून सूर बघितला. तेही ऐकू आलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर तिथेही बऱ्याच मैफलींना माइक असतो. कलाकारांना सवय झाली आहे, आपल्यालाही. नव्या पिढीतल्या अनेकांनी तर गवयाचा खरा आवाज कधी ऐकलेलाच नाही. त्यामुळे माइकशिवाय कार्यक्रम असेल असं कळलं तर हातातलं काम टाकून जा.

मराठी माणसाचा इथे काय संबंध?

हा प्रश्न मला दुखावतो, पण तो का विचारला जातो ते समजतं. दादर, गिरगाव, पार्ल्याच्या नाटकवाल्यांना नरिमन पॉइंट परकं वाटतं. प्रत्यक्षात या संस्थेच्या घडणीत मराठी माणसं अगदी आतपर्यंत आहेत.

पु. ल. देशपांडे इथे मानद संचालक होते. अनेकांना ते ऐकून आश्चर्य वाटतं. पुलंचं गाणं आणि नाटक दोन्हींवरचं प्रेम इथे कामाला आलं. डॉ. अशोक दा. रानडे यांनी इथे बरीच वर्षं संशोधन विभाग सांभाळला. रानडे गायक, संगीतशास्त्रज्ञ, शिक्षक, सगळंच. त्यांनी एकेक विषय घेऊन सादर केलेले कार्यक्रम ज्यांनी पाहिले ते अजून त्याबद्दल बोलतात. बैठकीच्या लावणीचंच बघा. ज्या गाण्याकडे शिष्ट समाज चोरून बघायचा, ते त्यांनी अभ्यासाच्या उजेडात, पूर्ण मानाने, मंचावर आणलं. कोठीतली अदाकारी टाटांच्या संस्थेत, तीही चवीने आणि अभ्यासाने! हे होऊ शकलं याचं श्रेय रानड्यांना आहेच. पण असल्या माणसांना आणून, त्यांना मोकळं सोडणाऱ्या चालकालाही आहे.

पुढे विजया मेहता कार्यकारी संचालक झाल्या आणि नव्वदच्या दशकात व नंतरही त्यांनी संस्था चालवली. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेपासून प्रायोगिक रंगभूमी जगलेल्या बाईंच्या हाती ही घडी होती. आज ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाटकांचा महोत्सव इथे होतो. एक्सपेरिमेंटल थिएटरची ३०० आसनं हवी तशी हलवता येतात. मराठी प्रायोगिक नाटकाला मुंबईत यापेक्षा चांगली जागा क्वचितच मिळते.

भाभा स्वतः पाश्चात्त्य संगीताच्या संस्कारात वाढलेले पारशी गृहस्थ. तरी त्यांनी बांधलेलं पहिलं मोठं सभागृह भारतीय संगीत डोळ्यांपुढे ठेवून बांधलं, आणि कारभारात पुलं-रानड्यांना आणलं. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. ऑपेराचं थिएटर त्यांनी शेवटी केलं.

ही जागा श्रीमंतांची आहे, ही टीका खरी का?

अंशतः खरी आहे. काही तिकिटं परवडत नाहीत. चर्चगेटहून चालत जायला वीसेक मिनिटं लागतात, आणि डोंबिवली-विरारच्या माणसाचं अर्धं लक्ष शेवटच्या लोकलकडे असतं. फॉयरमध्ये कानावर पडणारी भाषा बहुतेक इंग्रजी. पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण चुकीच्या लग्नाला आलो की काय असं वाटू शकतं. माझ्या आईला वाटलं होतं.

पण तिथे विनामूल्य कार्यक्रमही होतात, आणि ते चांगले असतात. ग्रंथालय आहे. तुम्ही गेलात तर कुणी अडवत नाही. संस्थेने मराठी वस्त्यांकडे अजून सरकायला हवं, हे माझं ठाम मत आहे. आपणही चर्चगेटपलीकडे पाय टाकायला हवा.

१९९७च्या आगीत काय झालं?

भाभांचं शेवटचं मोठं स्वप्न म्हणजे ऑपेरा, बॅले आणि मोठा वाद्यवृंद मावेल असं थिएटर. त्याचं काम होत आलं असताना १९९७मध्ये आग लागली आणि जवळजवळ तयार झालेली वास्तू आतून जळाली.

तेव्हा भाभांनी ऐंशी ओलांडली होती. त्या वयात कुणी ‘आता बास’ म्हटलं असतं तर कुणालाच वावगं वाटलं नसतं. त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं, आणि नोव्हेंबर १९९९मध्ये थिएटर उघडलंसुद्धा. म्हणजे दोन-अडीच वर्षांत. टाटा थिएटरला लागलेली वर्षं आठवा, आणि मग हा वेग बघा. आपल्याकडे उरलेल्या वेळाचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता, असंच मला वाटतं. १,१०९ आसनांचं तेच आजचं जमशेद भाभा थिएटर.

त्या थिएटरमधला तो संगमरवरी जिना कुठला?

फॉयरमध्ये शिरल्यावर आधी तोच दिसतो. रुंद, पांढरा, दोन्ही अंगांनी उतरणारा. नव्या इमारतीत तो जुना कसा, असा प्रश्न पडतो. तो मलबार हिलवरच्या पेटिट हॉलमधला आहे, सर दिनशॉ पेटिटांच्या हवेलीतला. हवेली गेली, जिना भाभांनी आणला.

आता मघाचं नातं जोडा: पेटिट म्हणजे भाभांच्या आईचे आजोबा. ज्या पायऱ्यांवरून आईकडची माणसं चढली-उतरली, त्या पायऱ्यांवरून आता तिकीट काढलेला कुणीही बाल्कनीत जातो. मी दर वेळी कठड्याला हात लावतो. दगड गार असतो, बाहेर कितीही उकडत असलं तरी.

भाभांच्या मलबार हिलवरच्या बंगल्याचं काय झालं?

‘मेहरांगीर’. आईवडिलांच्या नावांवरून पडलेलं नाव. होमी भाभांचं घर, नंतर जमशेद यांचं. जमशेद यांनी तो एनसीपीएला दिला. संस्थेने जून २०१४मध्ये लिलाव करून तो ३७२ कोटी रुपयांना विकला. होमी भाभांचं घर म्हणून त्याचं स्मारक व्हावं, अशी मागणी अणुऊर्जा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी लावून धरली होती, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं, पण विक्री थांबली नाही. २०१६ साली बंगला पाडला गेला.

माझं मन इथे दोन्हीकडे ओढलं जातं. होमी भाभा जिथे राहिले, जिथे त्यांची चित्रं होती, ते घर पडायला नको होतं. वाचवायची जबाबदारी सरकारची होती आणि सरकारने वेळेवर हात पुढे केला नाही. पण जमशेद यांच्या बाजूने विचार केला तर घर संस्थेला देताना संस्था जगावी, हा त्यांचा हेतू उघड होता. नाट्यगृहाचा नुसता वातानुकूलनाचा खर्च विचारा एखाद्या व्यवस्थापकाला. समुद्राच्या खाऱ्या हवेत इमारत टिकवणं हा वर्षानुवर्षांचा खर्च आहे. त्यांनी आपल्या मागे ती तजवीज केली.

ते स्वतः कलाकार होते का?

व्यासपीठावरचे नव्हते. भावाच्या मृत्यूनंतर त्याची चित्रं आणि रेखाटनं एकत्र करून त्यांनी १९६८ साली ‘मार्ग’ या कलाविषयक प्रकाशनातर्फे पुस्तक काढलं. जगाला शास्त्रज्ञ माहीत होता, त्यांना चित्रकार दाखवायचा होता. त्यात भाऊ म्हणून माया आहे आणि संपादक म्हणून शिस्तही.

सिम्फनी ऑर्केस्ट्राही त्यांनीच काढला का?

नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला, तो खुश्रू सनटूक यांच्या पुढाकाराने आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांच्या साथीने. सनटूक हेही टाटांच्या कंपन्यांतले अधिकारी आणि ऑपेराचे दर्दी. भाभांनंतर एनसीपीएची धुरा त्यांच्याकडे आली. भाभा हयात असतानाच त्यांच्या थिएटरला स्वतःचा वाद्यवृंद मिळाला, ही समाधानाची गोष्ट.

पहिल्यांदा जायचं असेल तर काय बघावं, कुठे बसावं?

मैफल असेल तर टाटा थिएटर निवडा. मधल्या भागातली मागची जागाही चांगली, त्यामुळे महागडं तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. नाटक असेल तर एक्सपेरिमेंटल थिएटर, आणि तिथे लवकर जा म्हणजे हवी ती जागा मिळते. जमशेद भाभा थिएटरला कार्यक्रम असेल तर आधी जिना.

चर्चगेटहून निघताना वेळ हाताशी ठेवा, कारण कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि उशिरा आलेल्यांना दारात थांबावं लागतं. पंधरा मिनिटं आधी आत जाऊन बसा, फोन बंद करा. तानपुरे लावायला बसतात ते बहुतेक त्याच वेळेला.